पानं कुणी कापली?

"अण्णा, तुमच्या बिरादरीतला एक माणूस सापडलाय. सव्वाबाराशे वर्षांपूर्वीचा. नव्या जागेचा चार्ज घेतल्या घेतल्या त्यानं पहिलं काय केलं असेल, सांगा बघू."

"डेड स्टॉक रजिस्टर काढून एकेक वस्तू मोजली असेल," अण्णा जास्वंदीच्या बुडाशी पाण्याची नळी टाकत म्हणाले. "आधीच्या माणसाची तूट आपल्या अंगावर कोण घेईल?"

अण्णा मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, मी कॉलेजात ग्रंथपाल होते. मध्ये कमरेएवढी भिंत. मी काही वाचलं की ते संध्याकाळपर्यंत माझ्या पोटात राहत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

"अगदी तेच केलं हो त्यानं. नाव दिमित्रिओस. नेमणूक कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियात, म्हणजे बायझंटाइन साम्राज्याच्या सगळ्यात मोठ्या चर्चमध्ये. काम काय, तर पूजेची भांडी, वस्त्रं, मौल्यवान पोथ्या सांभाळायच्या."

"म्हणजे भांडारी."

"भांडारीच. त्यानं यादी लावून पाहिली तर चांदीनं मढवलेली दोन पुस्तकं गायब! दोन्हींवर पवित्र चित्रं होती. शोध घेतला, तेव्हा कळलं की चित्रविरोधी मंडळींनी ती आगीत टाकली. मग एक तिसरं पुस्तक त्याच्या हाती लागलं. ते लिहिणारा त्याच चर्चचा पूर्वीचा दफ्तरदार, कॉन्स्टंटाइन नावाचा. पुस्तक जागेवर होतं, पण चित्रांची बाजू घेणारी नेमकी पानं कापलेली."

"रिपोर्ट कुणाला केला?"

"थेट परिषदेला. साल ७८७, गाव निकिया. साम्राज्यभरातले बिशप शेकड्यांनी जमलेले. पाचव्या बैठकीत हा पुस्तक घेऊन उभा राहिला, यादीतली तूट सांगितली, पुस्तक उघडलं आणि पानं कुठं कुठं कापलीत ते सगळ्यांना दाखवलं. आणि तिथं राजदरबाराचा एक चिटणीस बसला होता, त्याच्या लक्षात आलं ते तर अफलातून आहे. पुस्तकाला चांदीचे पुठ्ठे होते आणि दोन्ही पुठ्ठ्यांवर संतांची चित्रं. ती जशीच्या तशी! चित्रांबद्दलचा मजकूर तेवढा कापला आणि खुद्द चित्रं तिथंच ठेवली. चिटणीस म्हणाला, याहून मूर्खपणा कुठला."

अण्णांनी नळी खाली ठेवली. "मूर्खपणा नाही ताई. कात्री चालवणारा कुणीतरी कारकून असणार. वरून हुकूम आला, अमुक पानं काढा. पुठ्ठ्याबद्दल हुकुमात काही नव्हतं. त्यानं हुकुमाची अंमलबजावणी केली."

मला हे एकाही इतिहासकारानं सांगितलं नव्हतं.

वहिनी निवडायची मेथी घेऊन भिंतीपाशी आल्या. "पण मुळात भांडण कशावरून?"

"देवाचं आणि संतांचं चित्र काढावं का, त्याला नमस्कार करावा का, यावरून. सम्राट तिसरा लिओ म्हणाला, नको. ७३० मध्ये त्यानं ते धोरणच करून टाकलं. ७८७ मध्ये निकियाच्या परिषदेनं चित्रं परत आणली, ८१५ मध्ये ती पुन्हा गेली आणि ८४३ मध्ये कायमची परत आली. एक बाजू म्हणे, ख्रिस्तातला देव रंगात कसा मावेल? दुसरी म्हणे, नमस्कार रंगाला नाही, ज्याचं चित्र त्याला पोचतो. पण वहिनी, गंमत पुढंच आहे. दोन्ही बाजूंचा दावा एकच होता. आम्ही नवीन काही सांगत नाही, जुने धर्माचार्य हेच सांगून गेले. आता जुन्या आचार्यांनी काय सांगितलं हे ठरवायचं कशावरून?"

"पोथ्यांवरून."

"आणि पोथ्यांच्या कपाटाची किल्ली?"

अण्णांनी नुसता स्वतःच्या छातीकडे अंगठा केला.

खरंच सांगते, या शंभर-सव्वाशे वर्षांच्या प्रकरणाबद्दल वाचावं तर सम्राट, सम्राज्ञी आणि धर्मपंडित यांचीच नावं पुढं येतात. पण परिषदेचं इतिवृत्त उघडलं की बोलणाऱ्यांत कोण दिसतं? पुरोहितांच्या हाताखालचे डीकन, नोटरी, भांडारी, दफ्तरदार, वाचक. 'अमक्यानं पुस्तक पुढं केलं', 'तमक्यानं वाचलं', 'हे पान खरवडलेलं आहे, पाहा'. माणसांचा तुटवडा नव्हताच. सम्राट जस्टिनियननं ५३५ मध्येच हागिया सोफियाच्या सेवकवर्गावर कायद्यानं मर्यादा घातली होती. साठ पुरोहित, शंभर डीकन, चाळीस डीकनिणी, नव्वद उपडीकन, एकशे दहा वाचक, पंचवीस गायक, असे सव्वाचारशे. शिवाय शंभर द्वारपाल.

"मंजूर पदं," अण्णा म्हणाले. "भरलेली किती होती?"

"जास्त भरली होती, खर्च झेपेना, म्हणून तर कायदा."

"तरीच."

मग मी त्यांना चिठ्ठ्यांचं प्रकरण सांगितलं, कारण त्याशिवाय दिमित्रिओसची धडपड कळत नाही. निकियाच्या आधी, ७५४ मध्ये, सम्राट पाचव्या कॉन्स्टंटाइननं हिएरियाच्या राजवाड्यात स्वतःची एक परिषद भरवली होती. तीनशे अडतीस बिशप आले आणि चित्रांच्या विरोधात ठराव झाला. त्यात एक पुरावा होता नीलोस नावाच्या जुन्या साधूच्या पत्राचा. ऑलिम्पिओदोरोस नावाच्या एका अधिकाऱ्यानं त्याला विचारलं होतं की नवं चर्च बांधतोय, भिंतींवर शिकारीची दृश्यं, पशुपक्षी, मासे काढू का? नीलोसनं लिहिलं, हा पोरकटपणा कशाला? गाभाऱ्यात एकच क्रूस ठेव आणि बाकीच्या भिंतींवर जुन्या-नव्या करारातल्या कथा चांगल्या चित्रकाराकडून काढून घे, म्हणजे ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनाही कळेल. पण ७५४ मध्ये बिशपांच्या कानावर पडलं ते बदललेलं पत्र. चित्रांची शिफारस गायब आणि भिंती पांढऱ्या करण्याचा सल्ला हजर.

"मग निकियात अख्खं पत्र वाचलं. त्या जुन्या परिषदेला गेलेले काही बिशप इथंही होते. त्यांना विचारलं, तेव्हा तुम्हाला पुस्तकं दाखवली होती का? निओकेसारियाचा ग्रेगरी आणि अमोरियमचा थिओडोसिओस, दोघांनी सांगितलं, देवाशपथ नाही. नुसत्या चिठ्ठ्या फिरवल्या."

"टिपणी!" अण्णा जवळजवळ ओरडले. "मूळ फाइल पुढं आणायचीच नाही. टिपणीवर सही घ्यायची. साहेबाला वेळ नसतो, तो खालचं वाचत नाही, टिपणीत जे असेल ते खरं."

"म्हणूनच निकियात नेम केला, की उतारा चालणार नाही, अख्खं पुस्तक आणा. कुठल्या मठातून आणलं तेही सांगा. एका प्रतीतून पान गेलं असेल तर दुसरी प्रत शोधा. आणि अण्णा, या ग्रेगरीचं पुढं काय केलं ठाऊक आहे? सहाव्या बैठकीत हिएरियाचा तो जुना ठराव त्याच्याच हातात दिला. ज्याच्यावर त्यानं सही केली होती तो! म्हणाले, वाच मोठ्यानं. तो एक परिच्छेद वाचणार आणि लगेच एक डीकन उठून त्याचं खंडन वाचणार. असं शेवटपर्यंत."

वहिनींना ग्रेगरीची दया आली. मला नाही आली, कारण त्या शिक्षेमुळं एक उपकार झाला. ७५४ चा ठराव स्वतंत्रपणे आज कुठंही शिल्लक नाही. आपल्याला तो वाचायला मिळतो तो फक्त या खंडनात. विरोधकांच्या लेखनिकांनी शिव्या घालायच्या म्हणून का होईना, तो शब्दशः उतरवून घेतला. पाचव्या कॉन्स्टंटाइनच्या लिखाणाचंही तेच. निकिफोरोस नावाच्या धर्मगुरूनं ते खोडून काढण्यासाठी त्यातले तुकडे उद्धृत केले, तेवढेच उरले.

"शत्रूच्या फाइलीत कागद सुरक्षित," अण्णा म्हणाले. आणि मग मुद्द्यावर आले. "पण बढत्यांचं काय? एवढ्या धामधुमीत कुणाकुणाचं फावलं ते सांगा."

फावलं तर पहिल्याच फेरीत. ७३० मध्ये मुख्य धर्मगुरू होता गेर्मानोस, वयोवृद्ध. चित्रांविरुद्ध सही करायला तयार होईना. त्याच्या हाताखाली सिंकेलोस होता अनास्तासिओस. सिंकेलोस म्हणजे धर्मगुरूच्या खोलीला खोली लागून राहणारा खासगी चिटणीस. सगळी गुपितं त्याला ठाऊक. गेर्मानोस पायउतार झाला आणि खुर्चीवर कोण बसलं? हाच. थिओफानीस या इतिहासकारानं एक किस्सा दिलाय. राजवाड्यात शिरताना मागून येणाऱ्या अनास्तासिओसचा पाय म्हाताऱ्याच्या झग्यावर पडला. म्हातारा मागं वळून म्हणाला, अरे घाई कशाला, शर्यतीच्या मैदानाच्या दारातून तुला आत जायचंच आहे. त्या वेळी कुणाला अर्थ कळला नाही. पुढं पाचव्या कॉन्स्टंटाइनच्या मेव्हण्यानं बंड करून गादी बळकावली, चित्रं परत आणली, तर हे अनास्तासिओसमहाराज लगेच चित्रवाले झाले! ७४३ मध्ये कॉन्स्टंटाइननं गादी परत मिळवली आणि यांना फटके मारून, गाढवावर उलटं बसवून, त्याच दारातून मैदानात फिरवलं.

"आणि मग काढून टाकलं."

"छे! परत त्याच खुर्चीवर बसवलं. मरेपर्यंत तोच धर्मगुरू."

"हां, ते बरोबर," अण्णा म्हणाले. "असा माणूस सोयीचा. पुन्हा मान वर करत नाही."

थिओफानीस चित्रवाल्यांचा माणूस, तेव्हा झग्याचा किस्सा त्यानं किंवा आणखी कुणी नंतर रचलेला असणार, हे मी धरूनच चालते. त्याच्या आधीचा इतिहास लिहिणारा जॉर्ज तर पुढच्या एका धर्मगुरूचा सिंकेलोस होता. म्हणजे या भांडणाची बखर लिहिली तीही जिंकलेल्या बाजूच्या कचेरीतून.

थिओफानीसनंच आणखी एक प्रसंग सांगितलाय, तो वाचताना मात्र अंगावर काटा येतो. अनास्तासिओसनंतरचा धर्मगुरू, त्याचंही नाव कॉन्स्टंटाइन, कटाच्या आरोपात सापडला. ७६७ मध्ये त्याला हागिया सोफियात आणलं. मार खाऊन खाऊन त्याला चालता येत नव्हतं, उचलून आणावं लागलं. लोक जमलेले, नवा धर्मगुरू निकितास वर आसनावर बसून बघतोय. आणि एक चिटणीस हातात आरोपांचा लांबलचक कागद घेऊन उभा. एक कलम वाचायचं, आरोपीच्या तोंडावर एक मारायची. पुढचं कलम, पुढची थप्पड. या चिटणीसाचं नाव कुणी नोंदवलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मैदान, गाढव, उलटी बैठक आणि पुढं शिरच्छेद.

वहिनींचे मेथी निवडणारे हात थांबले. "वाचणाऱ्यानंच मारायचं?"

"कामाच्या वाटणीत असेल," अण्णा म्हणाले, पण जरा हळू.

विषय बदलावा म्हणून मी त्यांना निकितासच्या कचेरीतल्या भिंती सांगितल्या. त्यानं ७६८-६९ च्या सुमारास धर्मगुरूच्या कार्यालयातली चित्रं काढून टाकली. हागिया सोफियाच्या नैऋत्य कोपऱ्यात, वरच्या मजल्यावर, त्यातली एक खोली अजून आहे. भिंतीवर काचमण्यांच्या नक्षीत गोल आहेत. गोलात पूर्वी संतांचे चेहरे होते, आता क्रूस आहेत. चेहऱ्यांखाली नावं होती, तीही अक्षर अक्षर उचकटून काढली आणि भोकं नव्या मण्यांनी बुजवली. पण मण्यांची मूळ ओळ आणि बुजवलेली ओळ जुळत नाही. नाव कुठं होतं ते आजही दिसतं, फक्त कुणाचं होतं ते दिसत नाही. खाडाखोड करून वर सही न केलेली नोंद!

"आता तुम्ही म्हणाल, चित्रवाले तेवढे साळसूद," मी म्हटलं.

"मी काहीच म्हटलेलं नाही."

"म्हणालात नाहीत तर बरंच. कारण ऐका. निकियाच्या परिषदेमागचा कर्ता माणूस तारासिओस. सम्राज्ञी आयरीनच्या दरबारात चिटणिसांचा प्रमुख. धर्मसेवेत नव्हता, सरळ सरकारी नोकर. ७८४ च्या नाताळात त्याला उचलून मुख्य धर्मगुरू केलं. तिकडं रोममध्ये पोप हेड्रियनच्या कपाळाला आठ्या. त्यानं आयरीनला जे पत्र लिहिलं, त्यात चित्रांना पाठिंबा दिला आणि पुढं सुनावलं, की काल नोकरी करणारा गृहस्थ आज धर्मगुरू कसा होतो? आता निकियाचं ग्रीक इतिवृत्त काढून बघा. पोपचं पत्र आहे, पाठिंबा आहे, तारासिओसवरची टीका मात्र नाही."

अण्णांचे डोळे चमकले. "कुणी गाळली?"

"नवव्या शतकात पोपचाच ग्रंथपाल अनास्तासिउस यानं लॅटिन भाषांतर करताना ते उघडकीला आणलं. परिषदेच्या दिवशीच गाळली की नंतर कुणी नक्कल करताना, यावर पंडित अजून भांडतायत."

"म्हणजे पाचव्या बैठकीत दिमित्रिओस कापलेली पानं दाखवतोय आणि इथं आपलीच माणसं..."

"तुमचीच माणसं, अण्णा."

पण त्या परिषदेचा एक नियम मला मनापासून आवडतो, नववा. चित्रांविरुद्धचं सगळं लिखाण धर्मगुरूच्या वाड्यात जमा करायचं आणि बाकीच्या पाखंडी पुस्तकांबरोबर ठेवून द्यायचं. जाळायचं नाही, ठेवायचं! लपवणारा बिशप, पुरोहित किंवा डीकन असेल तर पद जाईल, साधू किंवा सामान्य माणूस असेल तर बहिष्कार. अण्णांना हा नियम पटला. नष्ट केलेल्या कागदाचा जाब मागितला जातो, कुलपातल्या कागदाचा नाही, असं त्यांचं मत.

आणि ठेवलं म्हणूनच सत्तावीस वर्षांनी परत निघालं! ८१४ मध्ये सम्राट पाचव्या लिओच्या मनात चित्रं पुन्हा काढायचं आलं, तेव्हा त्यानं एक समिती नेमली. तिचा म्होरक्या जॉन, पुढं 'व्याकरणकार' म्हणून गाजलेला, हुद्द्यानं साधा वाचक. समितीची सोय राजवाड्यात. मठामठांतून, चर्चांतून पोथ्या गोळा करायच्या, हवी ती वाक्यं शोधायची आणि तिथं खूण घालायची. जेवणाखाणाची चैन होती, असं विरोधी इतिहासकार खवचटपणे नोंदवतो. ७५४ चा ठराव त्यांना सापडला आणि ८१५ मध्ये नवी परिषद झाली. त्या वेळी धर्मगुरू होता निकिफोरोस. तोही पूर्वाश्रमीचा राजदरबारचा चिटणीस, बाप पण चिटणीस आणि बाप चित्रांपायी हद्दपार झालेला. निकिफोरोस बधला नाही, पद गेलं. खुर्चीवर जॉनला बसवायचं लिओच्या मनात होतं, पण सरदारांनी नाक मुरडलं, की हा कोण कुठला, वय तरी काय याचं. जॉनला ८३७ च्या सुमारापर्यंत थांबावं लागलं, आणि ८४३ मध्ये ती खुर्चीही गेली. त्याच्या विरोधकांनी सूड कसा घेतला? एका स्तोत्रसंहितेच्या हस्तलिखितात, जे आता मॉस्कोत आहे, समासात त्याचं व्यंगचित्र काढलं. केस पिंजारलेले, हातात काठीला बांधलेला बोळा, आणि हा ख्रिस्ताच्या चित्रावर चुना फासतोय. त्याच पानावर क्रूसावरच्या ख्रिस्ताला आंब भरलेला बोळा देणारा माणूस.

"समासात होय? आम्ही पण साहेबांची चित्रं समासातच काढायचो," अण्णा म्हणाले, आणि वहिनींनी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते पुढं बोलले नाहीत.

"तुम्ही कागदावर काढायचात. सम्राट थिओफिलोसनं तर माणसाच्या तोंडावर लिहवलं. पॅलेस्टाइनहून आलेले दोन भाऊ, थिओडोर आणि थिओफानीस, हा थिओफानीस इतिहासकार नव्हे. दोघंही साधू, दोघंही चित्रांचे कट्टर पुरस्कर्ते. ८३६ मध्ये त्यांच्या चेहऱ्यावर बारा ओळी गोंदवल्या. छंदोबद्ध! क्रिस्तोदुलोस नावाच्या माणसाकडून मुद्दाम रचून घेतलेल्या. सम्राट म्हणाला, कविता चांगली नसली तरी चालेल. तर शेजारचा एक दरबारी म्हणतो, या दोघांची लायकी याहून चांगल्या कवितेची नाहीच."

"बारा ओळी? कपाळावर मावल्या?" वहिनींनी विचारलं.

"अख्खा चेहरा वापरला असणार."

"आणि ती वाईट कविता जन्मभर घेऊन हिंडायचं!" वहिनींना शाईपेक्षा हे जास्त लागलं.

थिओडोर तुरुंगवासाच्या काळातच गेला. थिओफानीस जगला, ८४३ मध्ये चित्रं परत आली आणि नव्या धर्मगुरूनं त्याला निकियाचा मुख्य बिशप केलं. हो, त्याच निकियाचा. आता त्या जागेवर आधी कोण होतं? इग्नातिओस. हा हागिया सोफियात डीकन होता, पुढं भांडारी झाला, म्हणजे दिमित्रिओसच्याच टेबलावर बसलेला. चित्रविरोधी राजवटीत त्यानं मान तुकवली आणि निकियाची खुर्ची मिळवली. वारं फिरलं आणि ती गेली. आणि हा मोठा लेखणीबहाद्दर. तारासिओस आणि निकिफोरोस या दोन चित्रवाल्या धर्मगुरूंची चरित्रं यानंच लिहिली. स्तुती ओसंडून वाहते आणि मध्येच स्वतःच्या घसरण्याबद्दल हळहळ. त्याची साठेक पत्रंही शिल्लक आहेत. काहींत हलाखीचं रडगाणं आहे.

"पेन्शन अडकलं असणार," अण्णा पाण्याचा नळ बंद करायला वळत म्हणाले. "चरित्रं कितीही लिहा, खातेनिहाय चौकशी निकाली निघेपर्यंत कोण देतंय?"